बाणाचे टोक आणि तुटक रेषा

इ. स. १६८६ साली एडमंड हॅले याने व्यापारी वाऱ्यांविषयीचा आपला निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला, तेव्हा त्यासोबत जोडलेल्या नकाशात महासागरांच्या विस्तीर्ण पटावर वाऱ्याचा मार्ग दाखवणाऱ्या असंख्य बारीक रेघा काढलेल्या होत्या. परंतु आज दिशा म्हटली की जे त्रिकोणी टोक आपण गृहीतच धरतो, ते त्या रेघांना नव्हते. हॅलेने प्रत्येक रेघ एका बाजूस निमुळती केली आणि ज्या बाजूस ती निमुळती झाली त्या बाजूकडून वारा येतो असे वाचकाने समजावे, असा खुलासा निबंधात करून ठेवला. आजच्या वाचकाने खुलासा न वाचता नुसता नकाशा पाहिला, तर सगळे वारे उलट वाहत असल्याचा त्याचा ग्रह होण्याचा पुरेपूर संभव आहे.

धनुर्विद्या मानवाला सहस्रावधी वर्षे अवगत असताना, आणि बाण ज्या दिशेने सुटतो त्याच दिशेस त्याचे टोक असते हे पोरासोरांनाही ठाऊक असताना, कागदावर दिशा दाखवण्यासाठी बाणाचा उपयोग करावा ही कल्पना इतक्या उशिरा सुचावी याचे नवल वाटते. मध्ययुगीन युरोपातल्या हस्तलिखितांच्या समासांत महत्त्वाच्या मजकुराकडे बोट दाखवणारा हाताचा पंजा काढण्याचा शिरस्ता होता, बाण नव्हता. अर्न्स्ट गोम्ब्रिच या कलेतिहासकाराने या विषयाचा मागोवा घेतला, तेव्हा दिशादर्शक बाणाची जी आरंभीची उदाहरणे त्याला सापडली त्यांत बेलिदोर या फ्रेंच अभियंत्याच्या १७३७ च्या जलशास्त्रविषयक ग्रंथातली आकृती प्रमुख होती. त्या शतकातल्या नकाशांत नदीच्या पात्रात प्रवाहाची दिशा सांगणारे जे बाण आढळतात त्यांना पुष्कळदा मागे पिसेही असतात; म्हणजे शिकाऱ्याच्या भात्यातला सबंध बाणच तिथे ठेवलेला असतो. पिसे गळाली, दांडी साध्या रेषेत विलीन झाली आणि शेवटी केवळ टोक उरले, या स्थित्यंतराला बरीच वर्षे लागली. १८८४ साली व्हान्ट हॉफ याने रासायनिक समतोल दाखवण्यासाठी परस्परविरुद्ध दिशांचे दोन बाण वापरले, तेव्हा त्यांत शस्त्राचा मागमूसही राहिलेला नव्हता.

तुटक रेषेची हकीकत याहून निराळी आहे, कारण ती प्रथमपासूनच संशयाची रेषा होती. जोसेफ प्रीस्टली याने १७६५ साली थोर पुरुषांच्या आयुर्मर्यादांचा एक आलेख प्रसिद्ध केला. ज्यांच्या जन्ममृत्यूच्या तिथी निश्चित होत्या त्यांचे आयुष्य त्याने अखंड रेषेने दाखवले आणि जिथे इतिहासाला खात्री नव्हती तिथे ठिपके दिले. पुढे नकाशाकारांनी अनिर्णित सरहद्दीसाठी, अभियंत्यांनी भिंतीआड दडलेल्या कडेसाठी आणि नगररचनेच्या कचेऱ्यांनी अजून न झालेल्या रस्त्यासाठी तिचाच आश्रय घेतला. जे दिसत नाही, ठरलेले नाही किंवा घडलेले नाही, ते सगळे या एका तुटकपणाच्या अमलाखाली आले.

या दोन्ही चिन्हांना शिस्त लावली ती मात्र पंडितांनी नव्हे, तर आरेखकांनी. आमच्याकडे सार्वजनिक बांधकाम खात्यात आरेखक आणि त्याच्या हाताखाली अनुरेखक अशी पदे असत. आरेखकाने पेन्सिलीने काढलेला मूळ नकाशा मेणकापडासारख्या पारदर्शक ट्रेसिंग क्लॉथवर शाईने उतरवून घ्यायचा आणि त्यावरून निळ्या प्रती काढायच्या, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. हातात असे ते रूलिंग पेन: दोन पोलादी पाती, त्यांमध्ये थेंबाने सोडलेली शाई आणि बाजूस एक बारीक स्क्रू, जो पिळला की रेषा बारीक होई आणि सैल केला की जाड. याच स्क्रूने रेषेचा दर्जा ठरे. स्वातंत्र्यानंतर भारतीय मानक संस्थेने आयएस ६९६ या संहितेत रेषांचे प्रकार आणि त्यांचे उपयोग नमूद केले, आणि पाठ्यपुस्तकांतून विद्यार्थ्यांना शिकवले जाऊ लागले की बाणाच्या टोकाची लांबी त्याच्या रुंदीच्या सुमारे तिप्पट असावी, टोक हद्दीच्या रेषेला बरोबर टेकावे, ना ते अलीकडे राहावे ना पलीकडे जावे. तुटक रेषा कोपऱ्यावर वळताना तिथे रेघ यावी, फट येऊ नये, कारण कोपराच दिसेनासा झाला तर आकृतीचा अर्थ काय राहिला? पण संहितेत जे लिहिलेले नव्हते ते अनुरेखकाचा डोळा जाणत असे. दोन कोपऱ्यांमधले अंतर रेघांच्या ठरावीक मापात बसत नसेल, तर तो प्रत्येक रेघ किंचित लांब किंवा आखूड करी आणि पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नसे. पुढे रोटरिंगची नळीची पेने आली, तेव्हा त्यांच्या जाडीही हिशेबाने ठरल्या होत्या: ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक जाडी आधीच्या जाडीच्या सुमारे १.४१ पट. कागदाची ए-मालिकाही त्याच गुणोत्तराने वाढत असल्यामुळे नकाशा एका मापातून पुढच्या मापात मोठा केला, तरी त्यातली प्रत्येक रेषा मालिकेतल्या पुढच्या पेनाच्या जाडीची होई आणि दुरुस्ती बेमालूम करता येई. या योजनेइतकी सुबक तजवीज मला त्या व्यवसायात दुसरी आढळलेली नाही.

संगणकावर रेखाटन करण्याचा आरंभ आयव्हन सदरलंड याच्या १९६३ च्या 'स्केचपॅड'पासून मानण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु रेषेच्या रूपाचा प्रश्न खऱ्या अर्थाने सोडवला तो जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांच्या अडोबी कंपनीच्या पोस्टस्क्रिप्ट या भाषेने, जी १९८५ साली अ‍ॅपलच्या लेझररायटर छपाईयंत्राबरोबर कचेऱ्यांत शिरली. रूलिंग पेनाच्या स्क्रूचे काम तिथे एका आकड्याने होऊ लागले. रेषेची अखेर तीन प्रकारची: कापीव, गोल, किंवा अर्ध्या जाडीइतकी पुढे आलेली चौकोनी. दोन रेषांचा सांधाही तीन प्रकारचा: टोकदार, गोल, किंवा छाटलेला, आणि फार चिंचोळ्या कोनात टोकदार सांधा भाल्यासारखा लांबच लांब पुढे जाऊ नये म्हणून त्याला मर्यादा घातलेली, जी मुळात दहा धरली तर सुमारे ११ अंशांहून लहान कोनाचा सांधा आपोआप छाटला जातो. तुटक रेषेसाठी आकड्यांची एक ओळ द्यायची: सहा रेघ, तीन फट, आणि हा क्रम कुठून सुरू करायचा तो आकडा वेगळा. यातून एक गंमतही निघाली. अखेर गोल ठेवून रेघेची लांबी शून्य दिली की ठिपक्यांची रेषा मिळते. मात्र अखेर गोल केली की प्रत्येक रेघ दोन्ही अंगांनी अर्ध्या जाडीइतकी वाढून फट खाऊन टाकते, हे नवशिक्याला छापील कागद हाती येईपर्यंत उमगत नाही.

एवढ्या बारकाईने रेषेचा विचार करणाऱ्या या भाषेत बाणासाठी मात्र एकही आज्ञा नव्हती. कंपनीच्या शिकवणीच्या पुस्तकात बाण काढण्याची एक छोटी आज्ञावली उदाहरण म्हणून दिलेली होती, तिच्यात शेपटीची जाडी, डोक्याची रुंदी आणि डोक्याची लांबी ज्याने त्याने स्वतः भरायची. यात चूक कोणाची नाही. तुटकपणा हा रेषेचाच गुण आहे, तो गणिताने सांगता येतो. बाणाचे टोक ही रेषेच्या शेवटी चिकटवलेली एक स्वतंत्र आकृती आहे, आणि ती कुठे चिकटवावी, केवढी असावी, वक्र रेषेवर कोणत्या अंशात वळावी, हे सारे निर्णय पूर्वी अनुरेखकाचा हात एका क्षणात घेत असे. लेस्ली लॅम्पोर्टच्या लेटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत तर बाणाची टोके अक्षरांच्या खिळ्यांसारखी टंकातून येत, म्हणून बाणाचा उतार उणे चार ते चार या पूर्णांकांच्या गुणोत्तरांतलाच घ्यावा लागे, आणि गणिताच्या प्राध्यापकांनी आपल्या आकृत्या त्या उतारांना जुळवून घेतल्या. जॉन हॉबीच्या मेटापोस्ट या आकृत्या काढण्याच्या भाषेने ही कैद उठवली: टोकाची लांबी चार बिंदू, कोन ४५ अंश, हे दोन्ही बदलण्याची मुभा.

चित्रकारांच्या हाती असलेला 'इलस्ट्रेटर' १९८७ साली बाजारात आला. बाणाची जाडी बदलली की टोकही बदलावे, टोक मार्गाच्या अखेरीवर टेकावे की तिच्या पलीकडे जावे हे वापरणाऱ्याने ठरवावे, आणि तुटक रेषेच्या रेघा कोपऱ्यांना व शेवटांना जुळतील अशा किंचित कमीजास्त व्हाव्यात, या सोयी त्याच्या रेषेच्या चौकटीत आल्या त्या २०१० च्या आवृत्तीत. कोपऱ्याची फट बुजवण्याची अनुरेखकाची ती युक्ती यंत्राला शिकायला तेवीस वर्षे लागली, असा हिशेब कोणी मांडला तर तो खोडून काढणे मला जमणार नाही. वेबवरच्या आकृत्यांसाठी २००१ साली मान्य झालेल्या एसव्हीजीची तर आणखीच तऱ्हा. तिथे टोक हे 'मार्कर' नावाने वेगळे ठेवलेले, रेषेच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. रेषा तांबडी केली तरी टोक काळेच राही, आणि रेषेच्या आरंभी लावलेले टोक बाहेर न पाहता आत पाही. पुढच्या आवृत्तीच्या मसुद्यात या दोन्ही गोष्टींवर उपाय लिहिले गेले.

महाराष्ट्रात या सगळ्याचा अनुभव बहुतेकांनी घेतला तो कॅनडातल्या ओटावा येथून १९८९ साली निघालेल्या कोरल ड्रॉवर. लग्नपत्रिका, फ्लेक्स, हँडबिले यांचे गावोगावचे डीटीपीवाले एफ१२ ची कळ दाबून 'आउटलाइन पेन' उघडतात, आणि मंगल कार्यालयाकडे जाण्याचा मार्ग दाखवणारा छोटा नकाशा बाणांसह तयार करतात. टोकाचे माप तिथेही रेषेच्या जाडीवर अवलंबून असते. शिवाय त्याच चौकटीत चित्राबरोबर जाडी लहानमोठी करण्याची एक खूण असते; ती करायची राहिली, तर पडद्यावर झोकदार दिसणारा नकाशा पत्रिकेच्या कोपऱ्यात बसवताना रेषा आहे तेवढीच जाड राहते आणि बाण चौकासकट रस्ता गिळून टाकतो. उलट तोच नकाशा दारावरच्या फ्लेक्ससाठी मोठा केला की बाण केसासारखा उरतो. रोटरिंगच्या पेनांनी जे ओझे वापरणाऱ्याच्या डोक्यावरून काढून घेतले होते, ते इथे एका चौकोनी खुणेच्या रूपाने परत आले. म्हणून जाणता ऑपरेटर छपाईला फाइल देण्यापूर्वी रेषेचे रूपांतर आकृतीत करून टाकतो, म्हणजे पुढे कोणीही कितीही ताणले तरी प्रमाण बिघडत नाही. मात्र अशा बाणाचे टोक नंतर बदलता येत नाही, यास्तव तो मूळ नकाशाची एक नक्कल दुसऱ्या पानावर राखून ठेवतो, कारण कार्यालय बदलले असा वधूपक्षाचा निरोप प्रूफ मंजूर झाल्यावरच येतो.