दोरीशिवायची बाहुली

शहाडला सकाळी मुंबईकडची गाडी पकडली की बसायला जागा मिळत नाही. धरायला कडीही नसते. गाडी हिसका देते, पाऊल आपोआप पुढे पडते आणि माणूस पडता पडता सावरतो. हे सावरणे यंत्राला शिकवायला किती वर्षे लागली, याची हकिकत सांगतो.

माणसाने हलणारी माणसे घडवली ती आधी दोरीने. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या नाचवतात. बाहुलीची चाल असते ती त्यांच्या बोटांत. १९१५ साली दादासाहेब फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, तेव्हा काडी किंचित सरकवायची नि चित्र घ्यायचे, अशी हालचाल उभी केली. संगणकावरची चित्रेही बरीच वर्षे याच वाटेने गेली. प्रत्येक हालचाल माणूस ठरवणार. अशा आकृतीला वजन नसते, म्हणून ती पडतही नाही.

१९९५ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेत जेसिका हॉजिन्स आणि सहकाऱ्यांनी संगणकातल्या धावपटूला वजन, सांधे आणि गुरुत्वाकर्षण दिले. हातपाय कुठे दिसावेत हे सांगायचे नाही, फक्त सांध्यांना जोर द्यायचा. गुडघा हव्या त्या कोनापासून जितका दूर, तितका जोर जास्त, दाराच्या स्प्रिंगसारखा. पण एवढ्याने तोल राहत नाही. तो राहतो पुढचे पाऊल कुठे टाकायचे यावर. २००७ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी हा नियम सोपा केला: शरीराचा भार पुढे गेला, तर उचललेला पायही पुढे न्या. मग धक्का दिला तरी आकृती सावरू लागली. २०१८ च्या 'डीपमिमिक' प्रयोगात तर आकृती माणसाच्या हालचालींचा नमुना पाहून, असंख्य वेळा पडून स्वतःच शिकली.

हे वाचताना मला अब्बा आठवले. अर्धांगवायूनंतर आम्ही दोघे भाऊ त्यांना काखेत धरून चालवायचो. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणायच्या, "चाचा, भार पुढे टाका, पाऊल येईल." आम्ही मात्र पडतील या भीतीने भार पुढे जाऊच देत नव्हतो. आमच्या हातांत त्यांची बाहुलीच झाली होती.

एके सकाळी अब्बा म्हणाले, "सोडा मला."

आम्ही हात काढले, पण दूर गेलो नाही. ते पुढे झुकले, डगमगले आणि पाऊल पडले. दारापर्यंत सात पावले झाली. मी मोजली होती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)