बाटलीवरचा ४२.८ : एका आकड्याचा इतिहास

ठरावीक पगारातून घरच्या कपाटात दोन-चार बाटल्या ठेवणारा माणूस दुकानात गेला की साधारणपणे दोन आकडे पाहतो, किंमत आणि बाटलीचे माप. तिसरा आकडा बारीक अक्षरांत लेबलाच्या कडेला असतो आणि त्याच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. आपल्याकडच्या बहुतेक रम, व्हिस्की, ब्रँडीच्या बाटल्यांवर तो ४२.८ टक्के असा असतो. परदेशी बाटलीवर बहुधा ४० असतो.

४० हा गोळाबेरीज आकडा म्हणून सोडून देता येईल. पण ४२.८ का? कोणी मुद्दाम दशांश चिन्ह घालून असा अवघड आकडा ठरवेल, हे पटत नाही. विज्ञानात असा बेढब आकडा दिसला की समजावे, मूळ आकडा सरळ होता, मोजपट्टी बदलली. ही जुनी मोजपट्टी शोधायला आपल्याला इंग्लंडच्या तिजोरीपर्यंत जावे लागते.

दारूगोळ्याची परीक्षा

इंग्लंडमध्ये १६४३ साली, यादवी युद्धाचा खर्च भागवण्यासाठी, पार्लमेंटने पेयांवर अबकारी कर बसवला. ऊर्ध्वपातन करून काढलेल्या दारूच्या बाबतीत लवकरच एक अडचण आली. एका गॅलनवर अमुक कर, असे ठरवले तर पातळ दारू करणाऱ्यावर अन्याय होतो आणि कडक दारू नेऊन मागाहून पाणी घालणाऱ्याचे फावते. कर द्रवावर नको, त्यातल्या मद्यार्कावर हवा. पण मद्यार्क किती आहे, हे ओळखायचे कसे?

त्या काळची एक रीत अशी होती. थोड्या बंदुकीच्या दारूवर नमुना ओतायचा आणि पेटवायचा. आधी मद्यार्क जळून जातो आणि मागे पाणी उरते. उरलेल्या पाण्याने बंदुकीची दारू भिजली तर ती पेटत नाही, म्हणजे माल कमअस्सल. ती भडकली तर माल पुराव्याला उतरला. या पुराव्यालाच इंग्रजीत 'प्रूफ' म्हणत आणि तोच शब्द पुढे तीव्रतेच्या मापाचे नाव झाला.

ही परीक्षा किती भरवशाची, हे विद्यार्थ्यांनाच विचारून पाहावे. नमुना जास्त ओतला तर मागे पाणीही जास्त उरणार. म्हणजे तोच माल चमचाभर ओतल्यास पास आणि वाटीभर ओतल्यास नापास होऊ शकतो. दुसरी रीत बाटली हलवून वर येणारा फेस पाहण्याची. बुडबुडे किती मोठे आहेत आणि किती वेळ टिकतात, यावरून जाणकार तीव्रतेचा अंदाज करत. गोव्यात काजूच्या फेणीचे नाव 'फेण' म्हणजे फेस या शब्दावरून आले असे सांगतात, त्यामागे हीच परीक्षा आहे. अनुभवी भट्टीवाल्याला ती उपयोगी पडते. पण कर बसवणारा आणि कर भरणारा यांचे बुडबुड्यांवर एकमत होणे कठीण.

याच काळात लंडनच्या गरीब वस्त्यांत जिनचा पूर आला होता. धान्यापासून दारू काढण्यास उत्तेजन देणारा कायदा १६९० साली झाला आणि जिन अतिशय स्वस्त झाली. १७२९ पासून एकामागून एक कायदे करून सरकार तिला आवर घालू लागले. १७३६ च्या कायद्याने किरकोळ विक्रीच्या परवान्याला ५० पौंड लावले. इतका महाग परवाना जवळपास कोणीच काढला नाही आणि विक्री चोरून सुरू राहिली. १७५१ साली पुन्हा कायदा करावा लागला. होगार्थचे 'जिन लेन' हे प्रसिद्ध चित्र त्याच वर्षीचे. स्वस्त जिनमध्ये टर्पेंटाइन आणि गंधकाम्लही घातले जाई. पेल्यात नेमके काय आणि किती आहे, हे सांगण्याचे कोणतेही साधन घेणाऱ्याच्या हातात नव्हते.

तरंगणारा मोजमाप्या

साधन मात्र तत्त्वतः जुनेच होते. शुद्ध मद्यार्काची घनता पाण्याच्या सुमारे ०.७९ पट असते. त्यामुळे मिश्रणात मद्यार्क जितका जास्त, तितका ते मिश्रण हलके. हलक्या द्रवात तरंगणारी वस्तू अधिक खोल बुडते, हे आर्किमिडीजचे तत्त्व आपण शाळेत शिकवतोच. दुधात पाणी आहे का, हे पाहायला लॅक्टोमीटर वापरतात. दारूसाठीचा हायड्रोमीटर हा त्याचाच भाऊ. १७३० च्या सुमारास लंडनच्या जॉन क्लार्कने बनवलेला असा हायड्रोमीटर अबकारी खात्यात वापरात आला.

पण दोन अडचणी राहिल्या. पहिली तापमानाची. उन्हाळ्यात द्रव प्रसरण पावतो, हलका होतो आणि तोच नमुना अधिक कडक भासतो. दुसरी अडचण जास्त रंजक आहे. ५० मिलिलिटर मद्यार्क आणि ५० मिलिलिटर पाणी एकत्र केले तर १०० नव्हे, सुमारे ९६ ते ९७ मिलिलिटर मिश्रण मिळते. दोन्हींचे रेणू एकमेकांशी अधिक दाटीने बसतात. म्हणून घनतेवरून मद्यार्काचे प्रमाण सरळ त्रैराशिकाने काढता येत नाही. प्रत्येक मिश्रण प्रत्यक्ष तयार करून, तोलून, कोष्टकच बनवावे लागते.

हे काम ब्रिटिश सरकारने रॉयल सोसायटीकडे सोपवले. चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी १७९० साली अहवाल दिला आणि जॉर्ज गिल्पिन यांनी वेगवेगळ्या तापमानांना असंख्य मिश्रणांची वजने करून कोष्टके सिद्ध केली. करवसुलीच्या गरजेतून इतके काटेकोर भौतिक मोजमाप व्हावे, ही विज्ञानाच्या इतिहासातली ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. पुढे नव्या हायड्रोमीटरची निवड झाली, ती बार्थोलोम्यू साइक्स या अबकारी खात्यातल्याच माणसाच्या उपकरणाची. १८१६ साली त्याला कायद्याची मान्यता मिळाली, तेव्हा साइक्स हयात नव्हता. कायद्याने 'प्रूफ स्पिरिट'ची व्याख्याही पक्की झाली : ५१ अंश फॅरनहाइट तापमानाला ज्याचे वजन तेवढ्याच आकारमानाच्या ऊर्ध्वपातित पाण्याच्या बरोबर १२/१३ भरते ते. बंदुकीच्या दारूची जागा अपूर्णांकाने घेतली.

या व्याख्येतल्या द्रवात आकारमानाने सुमारे ५७.१ टक्के मद्यार्क असतो, म्हणजे जवळजवळ ४/७. हा अपूर्णांक लक्षात ठेवावा, तो लवकरच उपयोगी पडणार आहे.

२५ खाली

आतापर्यंतचा सारा खटाटोप तिजोरीसाठी होता. घेणाऱ्याला त्याचा लाभ मिळाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. किरकोळ दारू तेव्हा बहुधा पिंपातून मापून विकली जाई आणि पिंपात पाणी घालणे दुकानदाराला अवघड नव्हते. भेसळविरोधी कायद्यात १८७९ साली दुरुस्ती झाली आणि पाणी घालण्याला मर्यादा आली. ब्रँडी, व्हिस्की आणि रम प्रूफच्या खाली २५ अंशांपर्यंत, तर जिन ३५ अंशांपर्यंत पातळ केलेली चालेल, त्याखाली गेल्यास भेसळ धरली जाईल. श्रीमंत घरांना याचे फारसे अप्रूप नव्हते. त्यांना चिंता नोकरांची. काचेच्या सुरया दिसाव्यात पण किल्लीशिवाय निघू नयेत, अशी 'टँटलस' नावाची कुलूपबंद चौकट लंडनच्या बेटजमन यांनी १८८१ साली पेटंट केली, ती याच काळातली. पण मोजून-मापून खर्च करणाऱ्या घराला मात्र आपण पैसे मोजतो ते कशाचे, याची किमान हमी प्रथमच मिळाली.

आता गणित करू. प्रूफच्या खाली २५ म्हणजे प्रूफचे ७५ टक्के. ५७.१ चे ७५ टक्के म्हणजे ४२.८! आपल्या बाटलीवरचा अवघड आकडा म्हणजे जुन्या मोजपट्टीवरचा साधा २५ आहे. दुसऱ्या बाटलीवरचे ४० सुद्धा इथूनच आले. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले काम बिघडू नये, धान्यही वाचावे, म्हणून ब्रिटनमध्ये दारू आणखी पातळ करणे सक्तीचे झाले आणि प्रूफखाली ३० अंश ही पायरी आली. ४/७ चे ७० टक्के करून पाहा, बरोबर ४० येतात.

मुंबई इलाख्यात साइक्सची मोजपट्टी अबकारी खात्याबरोबर आली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू मोठ्या, सरकारी देखरेखीखालच्या भट्ट्यांतून काढण्याचे धोरण राबवले गेले. उरणच्या भट्ट्यांतून मोहाची दारू निघे आणि इलाख्यात ती २५ व ६० अंश 'अंडर प्रूफ' अशा दोन तीव्रतांत विकली जाई. आदिवासींना मात्र मोहाचे फूल हे अन्नही होते आणि दारू घरची होती. १८९२ च्या मोहवा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुले साठवण्यावरच बंधने आली. जी दारू मोजता येत नव्हती ती बेकायदा ठरली. मोजमाप नेहमी कुणाच्या तरी बाजूने उभे असते, हे इथे स्पष्ट दिसते.

फ्रान्सने १८२४ सालीच गे-ल्युसॅक यांची आकारमानाच्या टक्क्यांची सोपी पद्धत कायद्याने स्वीकारली होती. ब्रिटनला तिथे यायला १९८० उजाडले. आपणही टक्के लिहू लागलो, पण २५ ची पायरी तशीच ठेवली. म्हणून दशांश चिन्ह.

आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

या आकड्याचा घरगुती उपयोग सोपा आहे. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ४२.८ टक्क्यांनी ३२१ मिलिलिटर मद्यार्क असतो, ४० टक्क्यांनी ३०० आणि युरोपात जिन, व्होडका, रमसाठी किमान मानल्या जाणाऱ्या ३७.५ टक्क्यांनी फक्त २८१. उरलेले मुख्यतः पाणी. म्हणून दोन बाटल्यांची तुलना नुसत्या किमतीवरून होत नाही, किमतीला मद्यार्काच्या आकारमानाने भागावे लागते. तोच आकडा शरीराचाही हिशेब देतो. ३० मिलिलिटरच्या एका पेगात ४२.८ टक्क्यांनी सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. पेग मोठा ओतला की हा हिशेबही दुप्पट होतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार अशी दारू बाळगायला परवाना लागतो आणि तो वयाच्या २५ वर्षांनंतरच मिळतो, हेही मोठ्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे.

पण हायड्रोमीटर फक्त घनता मोजतो. ती कशामुळे आली, हे त्याला कळत नाही. दारूत साखर विरघळवली तर घनता वाढते आणि तीव्रता प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. म्हणून प्रयोगशाळेत अशा नमुन्याचे आधी ऊर्ध्वपातन करतात आणि मग घनता पाहतात. याहून भयंकर गोष्ट मिथेनॉलची. पिण्याच्या दारूतल्या इथेनॉलची घनता ०.७८९, तर मिथेनॉलची सुमारे ०.७९२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. म्हणजे हायड्रोमीटरला दोन्ही जवळजवळ सारखेच. चवीवरून किंवा फेसावरूनही फरक भरवशाने ओळखता येत नाही. शरीराला मात्र तो कळतो. यकृतात मिथेनॉलचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. ते डोळ्यांच्या मज्जातंतूंवर आघात करते, माणूस आंधळा होतो किंवा दगावतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात अशी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मेली. ती बहुतेक हातावर पोट असणारी होती. त्यांनी घेतलेली दारू स्वस्त होती, कारण तिच्यावर कोणाची मोजपट्टी लागलेली नव्हती.

साडेतीनशे वर्षांत 'किती' या प्रश्नाचे उत्तर अचूक मिळाले, कारण त्यात तिजोरीचा पैसा होता. 'काय' या प्रश्नाला वेगळी परीक्षा लागते. आज ती गॅस क्रोमॅटोग्राफीने होते, पण प्रयोगशाळेपर्यंत पोहोचलेल्या नमुन्याचीच. घेणाऱ्याच्या हाती उरतो तो सीलबंद बाटलीचा, म्हणजे कुणीतरी तपासणी केली आहे या विश्वासाचा आधार. काटकसर करायची तर ती बाटल्यांच्या संख्येत करावी, या आधारात नव्हे.

वर्गात यातले दोन प्रयोग सहज होतील. प्लॅस्टिकच्या नळीच्या टोकाला थोडी माती लावून ती पाण्यात, मिठाच्या पाण्यात आणि खाद्यतेलात उभी तरंगू द्यावी आणि बुडालेली लांबी मोजावी. दुसरा प्रयोग शिक्षकांनी स्वतः, ज्योतीपासून दूर करून दाखवावा. प्रयोगशाळेतले ५० मिलिलिटर स्पिरिट ५० मिलिलिटर पाण्यात मोजपात्रात मिसळावे. आकारमान १०० भरत नाही, हे दिसले की विद्यार्थी विचारतील, उरलेले कुठे गेले? गिल्पिन यांना इतकी वजने का करावी लागली, हे सांगायला यापेक्षा चांगली वेळ मिळणार नाही.