कामाने निवडलेल्या लेन्स

पेण-रोह्याकडच्या स्टुडिओवाल्यांनी हौसेखातर लेन्स घेतल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. गावात नवीन काम यायचं, हातातल्या लेन्सने ते जमायचं नाही, गिऱ्हाईक पनवेलची वाट धरायचं, आणि मग पैशांची जमवाजमव सुरू व्हायची. बाबांचा स्टुडिओ रोह्यात होता. लग्न होऊन मी पेणला आले आणि इथे गणपतीच्या कारखान्यांसाठी मूर्तींचे फोटो काढू लागले. माहेरच्या आणि सासरच्या कपाटांतल्या लेन्स काळाच्या क्रमाने मांडल्या, तर या पट्ट्यात कधी कसलं काम होतं ते आपोआप कळतं. नवा कॅमेरा घेतलेली पोरं "ताई, स्वस्तात कुठली लेन्स घेऊ?" म्हणून येतात, तेव्हा मी त्यांना हाच क्रम सांगते.

आमच्याकडची गोष्ट सुरू होते ती मुंबईपासून, पण त्याआधी थोडं परदेशातलं. १८३९ साली पॅरिसमध्ये फोटोग्राफीची कृती जाहीर झाली. त्या वेळच्या लेन्समधून इतका कमी उजेड आत यायचा, की उन्हात बसूनही माणसाला मिनिटं-मिनिटं हलता येत नसे. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात योझेफ पेट्झव्हाल या गणितज्ञाने माणसांच्या फोटोसाठी खास लेन्स मांडली. आजच्या भाषेत ती एफ ३.६ ची; हा आकडा जितका लहान, तितका आत येणारा उजेड जास्त. माणसाचा चेहरा काढून पोट भरता येईल, असा धंदा खऱ्या अर्थाने तिथून उभा राहिला. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातल्या पहिल्या भारतीय फोटोग्राफरांपैकी. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा. रायगड हे नाव १९८१ चं. फोटो काढायची हौस असेल, तर धरमतरहून बोट धरून मुंबई गाठायची.

तालुक्याच्या गावी स्टुडिओ आले ते बऱ्याच उशिरा. बाबा ज्यांच्या हाताखाली शिकले, त्यांच्याकडे लाकडी हाफ प्लेट कॅमेरा आणि पितळी लेन्स होती. या लेन्सवरचा आकडा इंचांत असायचा. शटर नव्हतं. टोपी काढायची, मनात आकडे मोजायचे, टोपी लावायची. छपरात चार-सहा काचेची कौलं बसवलेली. त्यातून येईल तेवढा उजेड आपला. असल्या लेन्सची रचना १८६६ ची: दोन सारखे भाग समोरासमोर, मध्ये पडदा, पूर्ण उघडलं तरी छिद्र जेमतेम एफ ८ चं. आषाढात कौलांवर पाऊस कोसळू लागला की धंदा जवळजवळ बंदच.

मग त्यांनी जुन्या रचनेची लेन्स का ठेवली? कारण परवडणारी तीच होती. लेन्सची रचना नवी असते तोवर तिचे हक्क एका कंपनीकडे असतात. हक्कांची मुदत सरली की सगळेच ती करू लागतात आणि भाव खाली येतो. इंग्लंडमध्ये १८९३ साली टेलरने तीन काचांची लेन्स केली; जर्मनीत झाइसच्या पॉल रुडॉल्फने १९०२ मध्ये चार काचांची टेसार आणली. पुढची कित्येक दशकं जगभरातले मध्यम किमतीचे कॅमेरे या दोन रचनांवर चालले. स्वस्त लेन्स हलक्या दर्जाची असते असं मानणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. आज हजारांच्या घरात मिळणारी ५० मिलिमीटरची एफ १.८ ही त्याच रुडॉल्फच्या १८९६ च्या प्लानारची वंशज आहे. रचना जुनी होऊन सर्वांची झाली, म्हणून ती आपल्याला परवडते.

बाबांच्या स्वतःच्या धंद्याचा पहिला कॅमेरा यशिकाचा, दोन डोळ्यांचा. वरच्या डोळ्यातून बघायचं, खालच्यातून फोटो. १९७० पासून आलेल्या मॅट १२४ जी ची लेन्स ८० मिलिमीटर, एफ ३.५, चार काचांची, म्हणजे टेसारच्याच घराण्यातली. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. लेन्स बदलण्याची सोयच नव्हती, त्यामुळे माणसालाच मागे-पुढे सरकावं लागे. खारेपाटातल्या शाळांचे ग्रुप फोटो याच लेन्सने निघाले: मागची रांग बाकावर उभी, मधली खुर्च्यांवर, पुढची मांडी घालून, आणि मधोमध बसलेल्या पोराच्या हातात इयत्ता आणि साल लिहिलेली पाटी. तीन रांगा एकदम साफ यायला हव्यात म्हणून लेन्स एफ ११ ला आणायची. त्यासाठी ऊन हवं, आणि ऊन डोळ्यांत जाऊन पोरं डोळे मिटणार नाहीत अशी वेळही हवी.

घरोघरी तेव्हा बडोद्यात न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला आग्फा क्लिक थ्री असायचा. साधी लेन्स आणि ऊन-ढगांची चित्रं, बाकी भानगड नाही. त्याचे रोल धुवायला आमच्याकडे यायचे. लोकांची हौस त्यांच्या स्वस्त लेन्सवर भागायची आणि आमचं घर त्या रोलांवर चालायचं.

१९८६ मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत आली. धाटावच्या एमआयडीसीत कारखाने उभे राहत होते, आणि त्यांना फोटो लागत: कामगारांच्या पासासाठी चेहरे, आणि साहेबांच्या फायलीसाठी यंत्रं. चेहऱ्यांची अडचण नव्हती. यंत्रं मात्र अरुंद शेडमध्ये. पाठ भिंतीला टेकली तरी बॉयलर पूर्ण येईना. तोवर बाबांनी ३५ मिलिमीटर फिल्मचा यशिका एफएक्स ३ घेतला होता, सोबत ५० ची लेन्स. आता जास्त रुंद दाखवणारी २८ हवी होती. परदेशी मालावर तेव्हा भरमसाट जकात. नवी लेन्स एक तर आखातातून परतणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाच्या बॅगेतून येई, नाही तर मुंबईच्या बोरा बाजारातून, जुनी. बाबांचा नियम साधा होता: पहिल्या लेन्सने दुसरीचे पैसे मिळवले पाहिजेत. पासफोटोंनी २८ चे पैसे मिळवले.

बोरा बाजारात बाबा जुनी लेन्स कशी बघायचे, ते मी शेजारी उभी राहून शिकले. आधी दोन्ही झाकणं काढायची आणि लेन्स नाकाशी न्यायची. बंद पेटाऱ्यासारखा कोंदट वास आला, की पुढे बघायची गरजच नाही. वास नसला तर छिद्र पूर्ण उघडायचं आणि मागून टॉर्च मारून काच तिरकी धरायची. धुळीचे चार कण असले तरी फोटोत काही दिसत नाही. समोरच्या काचेवर एखादा चरा असला तर भाव पाडून मागायचा आणि घ्यायची. मागच्या काचेवर चरा असला तर नको. आणि कडेपासून आत सरकणारे केसासारखे पांढरे धागे दिसले, तर ती बुरशी. अशी लेन्स फुकट दिली तरी आमच्या कोकणात आणायची नाही; एका पावसाळ्यात ती शेजारच्या लेन्सलाही लागण करते. शेवटी छिद्राची कडी फिरवून पाती झटक्यासरशी मिटतात का, त्यांवर तेल चढलंय का, हे बघायचं. लेन्ससोबत मिळणारी सुंदर चामड्याची पेटी बाबा दुकानदाराला परत देत. चामडं ओल धरतं, आणि ओल धरली की बुरशी आलीच. घरी लेन्स राहत लोखंडी कपाटात, झिरोचा बल्ब दिवसरात्र चालू ठेवून. मी आता घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल वापरते. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा आत.

नव्वदच्या दशकात लग्नांचं काम वाढलं. १९९३ पासून मतदार ओळखपत्रं सुरू झाली, कोकण रेल्वे रोह्याहून पुढे सरकली, हातात पैसा खेळू लागला, आणि लोकांना अल्बम जाड हवे झाले. याच काळात निकॉनचा एफएम १० आला, सोबत ३५-७० ची झूम लेन्स. एफ ३.५ ते ४.८, म्हणजे उजेडाच्या बाबतीत जुन्या ५० पेक्षा मागेच. तरी लग्नवाल्यांनी ती डोक्यावर घेतली, कारण मांडवात उजेड फ्लॅशचा. वधूवर, मामा, करवल्या, पंगत, सगळं एका जागी उभं राहून मिळायचं. पैसा लेन्सऐवजी चांगल्या फ्लॅशमध्ये घालणं हा त्या काळचा शहाणपणा होता.

पेणला आल्यावर मात्र फ्लॅश उपयोगाचा नाही, हे कळलं. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत उन्हाळ्यापासूनच तयार मूर्तींच्या रांगा लागतात आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांना दाखवायला फोटो लागतात. सोनेरी रंगावर फ्लॅश मारला की मुकुटाच्या जागी पांढरा ठिपका. जवळून रुंद लेन्सने काढलं तर सोंड आणि पोट फुगतं, कान मागे पळतात, मूर्तिकार लगेच म्हणतो, "वहिनी, हा माझा गणपती नाही." उपाय स्वस्त आहे. मूर्ती हलत नाही. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स ५५ कडे न्यायची, चार पावलं मागे सरायचं, ट्रायपॉड लावायचा, एफ ८, आणि दाराच्या उजेडात सावकाश फोटो घ्यायचा. मूर्तींसाठी एफ १.८ लागतेच असं नाही.

ती लागते डोळ्यांच्या आखणीला. आखणी करणारा कारागीर श्वास रोखून कुंचला पापणीच्या रेषेवर आणतो. हात हलतो, ट्यूबलाइटचा उजेड अपुरा, आणि त्याला मध्येच थांबा म्हणायची सोय नाही. तिथे किट लेन्सने फोटो हलतो. ५० ची एफ १.८ किट लेन्सच्या ५५ च्या टोकापेक्षा जवळजवळ दहापट उजेड घेते. फक्त १.८ वर एक डोळा साफ आला तर सोंडेचं टोक धूसर होतं, म्हणून मी २.८ च्या आसपास थांबते.

ही लेन्स घेताना दोन गोष्टी बघाव्यात. स्वस्त डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर फिल्मपेक्षा लहान, त्यामुळे ५० तिथे ७५-८० सारखी वागते आणि घरातल्या खोलीत अडचण करते. निकॉनची २००९ सालची ३५ मिलिमीटर एफ १.८ डीएक्स यासाठीच आली. दुसरं, निकॉनच्या डी ३१०० किंवा डी ५१०० सारख्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नाही. त्यांवर जुनी ५० डी हातानेच फोकस करावी लागते, एएफ-एस लिहिलेली मात्र आपोआप चालते. कॅननमध्ये ती भानगड नाही. १९९० ची त्यांची ५० पूर्ण प्लास्टिकची, २०१५ च्या एसटीएमला माउंट धातूचं. जुनी घेताना थोडे जास्त देऊन एसटीएमच घ्यावी.

लांबच्या लेन्सचा नंबर सगळ्यांत शेवटी लागला, कारण तिचं काम इथे शेवटी आलं. फणसाड १९८६ मध्ये अभयारण्य झालं, पण तिथे कॅमेरा घेऊन जाणारी पोरं डिजिटलच्या काळातली. उंच झाडावरच्या शेकरूसाठी ५५-२५० पुरते, सकाळचा उजेड असेल तर. हीच लेन्स दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला नेली, तर पिशवीतच राहते. पोलिसांची मानवंदना होऊन पालखी गल्लीत शिरली, की माणूस माणसाला खेटतो. तिथे १८ चं टोकच कामाचं.

आता कंपन्यांचं लक्ष मिररलेसकडे आहे आणि जुन्या डीएसएलआरच्या लेन्स स्वस्तात मिळतात, तेव्हा शिकणाऱ्याला हा काळ बरा आहे. माझं सांगणं एवढंच: किट लेन्सवर दोन-तीन महिने काढा. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो कितीवर काढला ते लिहिलेलं असतं, ते वाचा. बरेचसे १८ वर असतील तर तुम्हाला रुंद लेन्स हवी आहे, ५५ वर अडकले असतील तर लांबची, आणि आकडा कुठलाही असो पण फोटो हललेले असतील तर एफ १.८. जुनी घेणार असाल तर टॉर्च घेऊन जा.