अवजाराचे वर्णन: एका उपेक्षित गद्यप्रकाराचा इतिहास

गद्याच्या इतिहासात बखर, पत्र, निबंध, चरित्र यांना मानाचे स्थान मिळते. अवजाराच्या वर्णनाला मात्र कोणी गद्य म्हणत नाही. 'हे काय करते, कशावर करते आणि काय करत नाही' एवढेच सांगणारे हे लेखन वाचक गरजेपुरते वाचतो आणि विसरतो. तरीही त्याला इतिहास आहे, आणि अलीकडे या इतिहासाला एक अनपेक्षित वळण लागले आहे.

आरंभ ३ नोव्हेंबर १९७१ पासून धरावा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या प्रणालीच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती सिद्ध केली. प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र नोंद, आणि नोंदीचा साचा ठरलेला: नाव, वापराची रीत, वर्णन, संबंधित फाइली, 'हेही पाहा' आणि शेवटाकडे 'बग्ज', म्हणजे उणिवा. कर्त्यानेच आपल्या कृतीतले दोष तिच्या वर्णनात नोंदवायचे, हा प्रघात आम्हांला विलक्षण वाटतो. आपल्याकडच्या किती प्रस्तावनांत असा रकाना सापडेल? असो.

या गद्याची खरी कसोटी लागली ती फाइलींच्या जुळवणीत, म्हणजे 'सिंक' या क्रियापदापाशी. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी आरसिंक हे अवजार प्रसृत केले. दोन ठिकाणच्या प्रतींमध्ये जेवढा फरक असेल तेवढाच मजकूर पाठवायचा, ही त्याची कल्पकता. पण त्याच्या वापरात एक बारकावा आहे. मूळ फोल्डरच्या नावाअखेर तिरकी रेघ दिली तर आतला ऐवज जातो. न दिली तर फोल्डरच आपल्या नावासकट जातो. एका रेघेने अर्थ पालटतो! 'डिलीट' हा पर्याय दिला तर मुळात नसलेल्या फाइली दुसऱ्या ठिकाणाहूनही पुसल्या जातात. मॅन्युअल हे सारे सांगते. शिवाय प्रत्यक्ष काही न करता काय घडेल एवढेच दाखवणारी रंगीत तालीमही देते. शंका आली की थांबणारा, शेजाऱ्याला विचारणारा, तालीम करून पाहणारा मानवी वाचक तेथे गृहीत धरलेला होता.

पुढे क्लाउडच्या काळात हे वर्णनच आटले. पडद्यावर 'सिंक पूर्ण' एवढे दोन शब्द उरले. आमच्या विभागात एका सहकाऱ्याने जागा मोकळी करायची म्हणून सामायिक फोल्डरची 'आपली' प्रत पुसली आणि सर्वांचीच टिपणे गेली. 'सिंक'चा अर्थ एकतर्फी की दुतर्फी, हे त्या दोन शब्दांत नव्हते. व्याकरण शिकवणाऱ्यांनी कर्म न विचारता क्रियापद स्वीकारले, हा दोष अर्थात आमचाही.

जून २०२३ मध्ये ओपनएआयने आपल्या भाषा-प्रारूपांना बाहेरची अवजारे वर्णनासह पुरवण्याची सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हा खुला संकेत मांडला. अवजाराला नाव, साध्या भाषेतले वर्णन आणि लागणाऱ्या माहितीचा आराखडा. एजंट सहसा अवजाराच्या आतली संहिता पाहत नाही. अनेक अवजारांतून कोणते उचलायचे, हे तो मुख्यतः या चार ओळी वाचून ठरवतो. येथे वर्णन समजून घेणाराच आज्ञा देतो, आणि शेजारी विचारायला कोणी असतोच असे नाही.

म्हणून 'दस्तऐवज सिंक करते' हे वाक्य आता नुसते शिथिल राहत नाही, ते धोकादायक ठरते. त्याऐवजी असे लिहावे लागते: 'या फोल्डरमधील बदललेले दस्तऐवज क्लाउडवर चढवते. क्लाउडवरून काही उतरवत नाही. संगणकावर पुसलेला दस्तऐवज क्लाउडवर तसाच ठेवते. दोन्हीकडे बदल झाला असल्यास काहीही न लिहिता दोन्ही प्रतींचे दिनांक परत करते.' चार वाक्यांपैकी तीन या ना त्या प्रकारे 'काय करत नाही' ते सांगतात. विधीइतकाच निषेधाचा विचार करणाऱ्या मीमांसकांना ही रचना परकी वाटली नसती. उलट 'अत्यंत कार्यक्षम', 'सुलभ' अशी विशेषणे हा निव्वळ अर्थवाद. ती वाचून एजंट नको तिथेही तेच अवजार उचलण्याचा संभव असतो.

जुन्या 'बग्ज'चा एक दूरचा वंशजही येथे भेटतो. २०२५ मध्ये या संकेतात अवजाराच्या स्वभावाविषयीच्या काही सूचना जोडल्या गेल्या: ते केवळ वाचते काय, विनाशकारी आहे काय, पुन्हा चालवल्यास निराळा परिणाम होतो काय. मात्र या सूचना अवजाराचा कर्ताच देतो, म्हणून तो विश्वासातला नसेल तर त्यांवर विसंबू नये, असेही संकेतातच बजावले आहे. आणि कर्त्याने काहीच लिहिले नाही तर? तर अवजार केवळ वाचणारे नाही आणि विनाशकारी असू शकते, असेच गृहीत धरले जाते.