मोडीत घालण्यापूर्वी



दिवाळीआधी घर सारवण्या-रंगवण्याचे दिवस आले, की माळ्यावरची अडगळ खाली उतरते. अंगणात ढीग पडतो. पोचे पडलेले तांबे, फुटके घंगाळ, खुंटा नसलेले जाते, किल्ली हरवलेली कुलुपे आणि फडक्यात बांधलेले एखादे कागदांचे दप्तर. मग वाटणी सुरू होते. तांबे-पितळ मोडीत, जुनी लुगडी बोहारणीला, कागद रद्दीत आणि उरलेसुरले जुन्या बाजारात. घर मोकळे होते, चार पैसे हाती येतात. यात वावगे काही नाही. राहते घर म्हणजे काही वस्तुसंग्रहालय नव्हे. पण वस्तू एकदा तराजूत पडली, की तिचे फक्त वजन उरते. ती कोणाची, कुठली, कधीची हे कायमचे पुसले जाते. म्हणून तराजूत घालण्यापूर्वीच्या अर्ध्या घटकेविषयी आज बोलायचे आहे.

प्रथम कागदांकडे वळू. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पानिपतापर्यंतच्या, म्हणजे १७५० ते १७६१ या काळातील पत्रे त्यात आहेत. ही साधने काही एखाद्या राजवाड्यात रचून ठेवलेली नव्हती. गावोगाव हिंडून, जुन्या घराण्यांच्या दारी जाऊन, वाळवी आणि कसर यांच्या तोंडातून राजवाड्यांनी कागद सोडवले. मालेचे २२ खंड निघाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, तेही अशा कागदांना हक्काचे घर असावे म्हणून. १९२६ च्या अखेरीस राजवाडे धुळ्यास वारले. त्यांनी जमवलेल्या कागदांसाठी तिथेही त्यांच्या नावाने संशोधन मंडळ निघाले. आता विचार करा, ज्या घरांत ते पोहोचण्याआधीच रद्दीवाला पोहोचला, त्या घरांतला इतिहास कुठे शोधायचा?

तुमच्या दप्तरातले कागद मोडी लिपीत असतील. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत मोडी शिकवीत. पुढे ती मागे पडली, आणि वाचता येत नाही तो कागद निरुपयोगी, असा समज झाला. मोडी मोडीत निघाली म्हणतात ते असे! पण तो कागद शेताच्या वाटणीचा असेल, कर्जरोखा असेल, विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा करार असेल. लढायांचा इतिहास आपल्याला पुष्कळ ठाऊक आहे. गावच्या पाण्याचा, धान्याचा आणि कर्जाचा इतिहास अशाच कागदांत दडलेला असतो.

भांडीसुद्धा बोलतात बरे का! तांब्याचा काठ चिंचेने घासून पाहा. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव दिसेल, कधी गाव दिसेल, कधी शकही. शकाच्या आकड्यात ७८ मिळवा, इसवी सन येईल. पौषापासून फाल्गुनापर्यंतची मिती असेल, तर बहुधा ७९ मिळवावे लागतात. शके १८२० म्हणजे १८९८-९९. लग्नात आंदण म्हणून आलेल्या एखाद्या हंड्यावर आजी-पणजीचे नाव असते. सात-बाऱ्यावर जिचे नाव कधी चढले नाही, तिचे नाव त्या हंड्याने जपून ठेवलेले असते.

कोपऱ्यातली मापे घ्या. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने-मापे ठरली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने बाजारात आली. त्याआधी, १ एप्रिल १९५७ रोजी, सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. मग पायली आणि शेर माळ्यावर गेले. बलुतेदाराला खळ्यावर किती धान्य मिळे, हे मुलांना समजावून द्यायचे, तर ते लाकडी माप हातात असलेले बरे.

अशा साध्या वस्तूंचे मोल ओळखणारा एक माणूस पुण्यात होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला आरंभ केला. अडकित्ते, दिवे, दौती, कुलुपे, पाय घासायच्या वज्री, स्वयंपाकघरातली भांडी; लोक ज्याला अडगळ म्हणत, ते त्यांनी गावोगावहून आणले. अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभारले आणि १९७५ साली हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. सुमारे २०,००० वस्तूंचा तो संग्रह पाहताना लक्षात येते, की त्यातली कितीतरी भांडी आपल्याही माळ्यावर होती.

तेव्हा करायचे काय? सगळे ठेवून घ्या, असे मी म्हणत नाही. मोडक्या बादल्या, फुटकी कौले खुशाल द्या. मात्र तीन गोष्टी करा. कागदाचा एकही तुकडा न दाखवता रद्दीत घालू नका. मोडी जाणणाऱ्याला किंवा जवळच्या संशोधन मंडळाला दाखवा. दुसरे, भांडे देण्याआधी त्यावरचे नाव-साल उतरवून घ्या. तिसरे, घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा, ‘हे कशाला वापरत होते?’ भांडे उद्या दुसरेही मिळेल; हे उत्तर देणारे माणूस मिळणार नाही. आणि हेही ध्यानात असू द्या, की १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, आणि ऐतिहासिक मोलाचे पंचाहत्तर वर्षांचे हस्तलिखितही, खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. दारी आलेला गिऱ्हाईक फारच गोड बोलू लागला, तर जरा थांबा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना एवढेच काम द्या: घरातल्या पाच जुन्या वस्तूंची नावे, उपयोग आणि त्या वापरणाऱ्याचे नाव वहीत लिहून आणा. चाळीस मुलांच्या वर्गातून दोनशे नोंदी होतील. पाठ्यपुस्तकात तुमच्या गावाचे नाव कदाचित नसेल. या वहीत ते असेल, आणि पुढे कोणी गावाचा इतिहास लिहायला बसला, तर त्याला हीच वही आधी मागावी लागेल.