हागारने दिलेलं नाव

माळशिरसला माउलींची पालखी मुक्कामाला असते. देवाचं नाव घ्यावं ते मोठ्याने, टाळांच्या ठेक्यावर, हे आम्ही लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे ज्यूंची रीत कळली तेव्हा चक्रावलो. देवाचं चार अक्षरी हिब्रू नाव ते उच्चारतच नाहीत. तिथे 'अदोनाय', म्हणजे प्रभू, असं वाचतात. ख्रिस्ती लोकांचा जुना करार याच हिब्रूतून आलेला. प्रचलित मराठी बायबलात त्या चार अक्षरांच्या जागी 'परमेश्वर' येतं, 'एलोहीम'च्या जागी 'देव'. निर्गममध्ये ते नाव 'असणे' या क्रियापदाशी जोडलंय, पण 'परमेश्वर' वाचताना ते कुणाच्या लक्षात येणार?

मला मात्र एका साध्या नावाने धरून ठेवलं. उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात हागार ही मिसरी दासी, गरोदर, मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळते. झऱ्यापाशी तिला देवदूत गाठतो. आणि ती देवाला नाव देते: एल रोई, मला पाहणारा देव. नाव देणारी राणी नाही, संदेष्टी नाही. पळून आलेली दासी!

पुण्याला जाताना चौफुल्याजवळ केडगावचा फाटा लागतो. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणलं. 1922 साली त्या गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये निघालं. छापखान्यात काम करत होत्या मिशनमधल्याच बायका-मुली. त्यांत कुणी विधवा, कुणी दुष्काळातून वाचवून आणलेली. खिळे जुळवता जुळवता त्यांच्यापैकी कुणाच्या तरी हातून हागारचं पानही गेलं असणार.