कोर्टाचा हुकूम, बदलीचा कागद

कोर्टाचा हुकूम बजावणारा माणूस किती ताठ उभा राहील, हे त्याची नेमणूक आणि बदली कोणाच्या हाती आहे यावर ठरत आले आहे. ब्रिटिश अमदानीत नाशिककडच्या तालुक्यांत मामलेदारच वसूल गोळा करी, फौजदारी खटले चालवी आणि जमिनीच्या कब्जाचे दावेही निकाली काढी. अंमलबजावणीला पाटील-कुलकर्णी हाताखाली होतेच. एवढा जबरदस्त अंमलदार बढती-बदलीसाठी मात्र कमिशनरच्या मर्जीवर. 1888मध्ये मध्य विभागाचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्यावर मामलेदारांकडून पैसे उकळल्याचे आरोप झाले. त्यांचा दलाल हणमंतराव जहागीरदार तुरुंगात गेला. आयोगाने लाच सिद्ध मानली नाही, पण हाताखालच्यांकडून कर्जे काढल्याबद्दल साहेबांची नोकरी गेली. अभय मिळेल म्हणून साक्ष देणाऱ्या मामलेदारांवरच पुढे गदा आली आणि टिळकांना त्यांची बाजू घ्यावी लागली. हा लाचखोरीचा मामला, यात राजकारण कुठे, असे कोणी म्हणेल. पण जागा विकत घेतलेला अंमलदार ती कोणामुळे मिळाली हे विसरू शकत नाही, मग मोबदला रोकड असो की पक्षनिष्ठा.

निखळ राजकारणच हवे तर 1909चे नाशिक पाहावे. बाबाराव सावरकरांना खटल्यासाठी सेशन्स कोर्टाकडे पाठवणारे जॅक्सन हे जिल्ह्याचे कलेक्टरही होते आणि मॅजिस्ट्रेटही. ते संस्कृतचे जाणकार होते, लोकांत मिसळणारे होते; त्यांच्या सचोटीविषयी वाद घालण्याचे कारण नाही. तरी सरकारची इभ्रत राखणारा आणि सरकारच्या विरोधकाला कोर्टापुढे उभा करणारा माणूस एकच असल्यावर लोकांनी न्याय कशात पाहावा? डिसेंबरात विजयानंद नाट्यगृहात क्रांतिकारक कान्हेरेंच्या गोळ्यांनी जॅक्सन पडले, तेव्हा बाबारावांची शिक्षा हेच मुख्य कारण सांगितले गेले.

1951च्या कायद्याने मुंबई राज्यात न्याय आणि कारभार वेगळे केले, तेव्हा हा प्रश्न मिटला, असे मानण्याचा प्रघात आहे. तो अर्धाच बरोबर आहे. कोर्टाचा हुकूम बजावणारा बेलीफ आज कोर्टाच्याच नाझराच्या हाताखाली, जिल्हा न्यायाधीशांच्या नियंत्रणात असतो. आमदाराच्या चिठ्ठीने त्याची बदली होण्याचा मार्ग बराच अरुंद झाला. पण कब्जा घेताना जमाव आडवा आला की पोलीस बंदोबस्त लागतो आणि पोलीस गृहखात्याचे. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रकाश सिंह निकालानंतर 2014मध्ये महाराष्ट्राने पोलिसांच्या बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळे कायद्यात आणली, पण मुदतीआधी बदली करण्याची अपवादाची वाटही ठेवली. ती वाट उघडी आहे तोवर ठाण्याचा साहेब आधी वरचा फोन ऐकणार. बेलीफ मग वॉरंटावर ‘बंदोबस्त न मिळाल्याने कब्जा देता आला नाही’ असा शेरा मारून ते परत करतो आणि दरखास्तीला पुढची तारीख पडते.